कालवं, आणि न प्यायलेली दारू

“समुद्रातलं काही खाल्लं होतं का त्यांनी? कालवं, तिसऱ्या, असलं काही?”

हा प्रश्न मला पहिल्यांदा कोणी विचारला, तेव्हा माझ्या नवऱ्याचा डावा पाय गुडघ्याच्या वरून कापायचं ठरून गेलं होतं. आयसीयूबाहेरच्या लांबट खोलीत आम्ही सगळ्या पेशंटांचे नातेवाईक बसून असायचो. विचारणारी डॉक्टर तरुण होती, संसर्गजन्य रोगांची तज्ज्ञ, मूळची मंगळूरकडची. बाकीचे डॉक्टर उभ्या उभ्या बोलून निघून जात. ही माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली, एवढ्यानेच मला धसका बसला.

“हो,” मी म्हटलं. “गावी गेलो होतो. कालवं खाल्ली होती.”

“कच्ची?”

“भाजलेली. पण अर्धवट. लिंबू पिळून.”

तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग कन्नडमध्ये, शब्द सुटे सुटे करून सांगू लागली. “यांच्या रक्तात जो जंतू वाढलाय त्याचं नाव व्हिब्रिओ व्हल्निफिकस. कॉलऱ्याच्या जंतूच्या कुळातला. समुद्राचं आणि नदीचं पाणी मिसळतं तिथे, उबदार पाण्यात राहतो. कालवं ते पाणी गाळून त्यातलंच खातात, म्हणून तो त्यांच्या अंगात साठतो. हे आम्हाला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं.”

“मला कोणी विचारलंच नाही.”

खरंच कोणी विचारलं नव्हतं. मला सगळे एकच प्रश्न विचारत होते. हे रोज किती पितात?

मोहन दारू पीत नाही. कधीच प्यायला नाही. हे वाक्य मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलंय की आता ते माझ्याच कानाला खोटं वाटू लागलंय. तरी पुन्हा लिहिते, कारण जिथे वाचलं जायला हवं तिथे अजून ते कोणी वाचलेलं नाही.

आम्ही राजाजीनगरला राहतो. माझं माहेर बेंगळूरचंच, कित्येक पिढ्यांचं. आमच्या मराठीत कन्नड शब्द मिसळलेले असतात, तेव्हा वाचताना सांभाळून घ्या. मोहन कारवारकडचा, खाडीकाठच्या एका गावातला. इथे एका कॉलेजात गणित शिकवतो. मी त्याला नावानेच हाक मारते, सासूबाईंना ते कधीच रुचलं नाही. सासूबाई तेव्हा गावी असायच्या, धाकटा दीर गिरीशही तिथेच असतो. गिरीशने घराला लागून पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्यात. शहरातली माणसं येतात, होडीतून फिरतात आणि कालवं खातात.

ओहोटीला खडक उघडे पडले की कोयतीने कालवं काढायची. अंगणात नारळाची सोडणं पेटवून त्या जाळावर शिंपले ठेवायचे. शिंपला जरा फाकला की झालं. आत लिंबू, वर मिरची, की थेट तोंडात. आणखी भाजलं तर रबर होतं, असं गिरीश म्हणतो. मी लग्नाआधी समुद्राचं काही खाल्लेलं नव्हतं. मोहननेच मला शिकवलं. शिकवताना लहान मुलासारखा खूश असायचा.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सगळ्यांनी खाल्ली. मी, गिरीश, त्याची बायको सुलभा, आमची मुलगी, आणि दोन पाहुणी कुटुंबं. कोणाला काही झालं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे याच वाक्याचा आमच्यावर दगडासारखा मारा झाला.

बेंगळूरला परतलो त्या दिवशी मोहनला थंडी वाजून ताप भरला. पोटात ढवळत होतं. प्रवासाने असेल, म्हणून मी तापाची गोळी दिली. दुसऱ्या सकाळी तो म्हणाला, “पोटरी कोणीतरी पिळतंय गं.” मी पाहिलं तर पाय नुसता किंचित लाल. बघून वाटावं की एवढ्याने फार दुखायला नको, आणि त्याला तर चादरीचा स्पर्शही सोसत नव्हता. वाचणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. दिसतं थोडं आणि दुखतं अफाट, असं झालं तर थांबू नका.

आम्ही थांबलो. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी व्हायरल सांगितलं आणि संध्याकाळी बघू म्हणाले. दुपारपर्यंत पोटरीवर फोड आले, आधी पाण्याचे, मग जांभळे, मग काळपट. माझा मोठा भाऊ, अण्णा, गाडी घेऊन आला. मोहनला गाडीत बसवताना त्याचे हात बर्फासारखे लागले. तो मला म्हणाला, “पेपर तपासायचे राहिलेत.” त्यानंतर बरेच दिवस त्याच्याकडून मी एकही धड वाक्य ऐकलं नाही.

हॉस्पिटलात रक्तदाब लागेना. सेप्टिक शॉक म्हणाले. म्हणजे जंतू रक्तात पसरून शरीराचा दाब कोसळतो आणि एकेक अवयव हात टेकू लागतो. पायाला नेक्रोटायझिंग फॅसायटिस झालंय म्हणाले. म्हणजे कातडीखालचा थर सडत वर चढतो, आणि तो कापून काढत राहावं लागतं. रात्र उलटायच्या आत त्याला एकदा थिएटरमध्ये नेलंही.

आणि सोनोग्राफीत लिव्हर दिसलं. आकसलेलं, खडबडीत. सिरॉसिस. म्हणजे निबर झालेलं यकृत.

तिथून सगळ्यांच्या आवाजाचा सूर बदलला. एक ज्येष्ठ डॉक्टर होते, चष्म्यावरून बघणारे. त्यांनी विचारलं, “किती वर्षं पितात?”

“पीत नाहीत.”

“मॅडम, लपवून त्यांचाच तोटा आहे.”

“डॉक्टर, ते पीत नाहीत.”

त्यांनी हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या बेडकडे वळले. दुसऱ्या पाळीचा डॉक्टर आला, त्यानेही तेच विचारलं. नर्सनेही विचारलं, जरा मायेने. मला समजत होतं की त्यांच्यासमोर रोज खोटं बोलणाऱ्या बायका उभ्या राहत असणार. पण मी त्यातली नव्हते, आणि हे सिद्ध करायला माझ्याकडे माझ्या शब्दाशिवाय काहीच नव्हतं.

कळस म्हणजे अण्णा. कँटीनमध्ये कॉफी घेताना तो टेबलाकडे बघत म्हणाला, “वसू, माझ्याशी तरी खरं बोल. स्वल्प तरी घेत होता का?”

वीस-बावीस वर्षं ज्या माणसाबरोबर तो सणाला जेवला, त्याच्याबद्दल हे विचारत होता. मी कॉफी तशीच ठेवून उठले.

लिव्हरचं खरं कारण त्या मंगळूरच्या डॉक्टरने शोधलं. पाय कापण्याआधीच तिने एक रक्ताची तपासणी पाठवली होती. उत्तर आलं, हिपॅटायटिस बी. हा कावीळ करणारा विषाणू. मोठेपणी झाला तर बहुतेकांच्या अंगातून निघून जातो. पण बाळपणी, पुष्कळदा जन्माच्या वेळी आईकडून आला, तर आयुष्यभर मुक्काम ठोकतो. काही दुखत नाही, काही दिसत नाही. लिव्हर आतल्या आत खात राहतो.

“ज्याचं लिव्हर असं आहे त्याच्यासाठी हा व्हिब्रिओ म्हणजे मरण,” ती म्हणाली. “इतरांना फार तर जुलाब होतील किंवा काहीच होणार नाही. एकाच ताटात जेवून तुम्ही धडधाकट आणि हे इथे, ते त्यामुळेच. मधुमेह जास्त असेल, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तरी तोच धोका. आता तुम्हा सगळ्यांची तपासणी करायला हवी. तुमची, मुलीची. त्यांच्या आईची आणि भावाची तर नक्कीच.”

माझी आणि मुलीची तपासणी निर्दोष निघाली. मुलीला लहानपणीच लस दिलेली होती. मलाही लगेच देऊन टाकली.

डॉक्टर बोलली त्याच दुपारी मी गावी फोन लावला. गिरीशला सगळं समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, “वहिनी, कालवांनी काही होत नाही. आम्ही दहा पिढ्या खातोय. तुम्ही पण खाल्लीत ना? तुम्हाला झालं काही?”

“म्हणून तर लिव्हरचं सांगतेय. तू तपासून घे. आईंना तपासून घे.”

“आईने जन्मात दारूला हात लावला नाही.”

“गिरीश, मोहनने तरी कधी लावला?”

त्याने दार लावल्याचं ऐकू आलं. मग हळूच म्हणाला, “हे कालवांचं कोणाला सांगू नका. सीझन आहे.”

मोहन त्या वेळी व्हेंटिलेटरवर होता. तोंडात नळी, हात बेडला बांधलेले, आणि चादरीखाली एका बाजूला पाय होता तिथे काहीच नाही. त्याच्या सख्ख्या भावाला सीझन दिसत होता. फोन ठेवल्यावर मी त्या लांबट खोलीत बसून राहिले. समोर के. आर. पुरमहून येणाऱ्या एक बाई असायच्या, त्यांच्या सुनेला मेंदूज्वर झाला होता. त्यांनी न विचारता डब्यातली चपाती माझ्या हातावर ठेवली. आम्ही एकमेकींची नावंसुद्धा विचारली नाहीत.

मोहन वाचला. योग्य अँटिबायोटिक उशिरा का होईना पण मिळालं, आणि बाकी त्याचं शरीर झुंजलं. असे बरेच पेशंट जात नाहीत घरी, असं त्या डॉक्टरनेच मला नंतर सांगितलं. नळी काढल्यावर त्याने खुणेने पाणी मागितलं. मग खाली बघितलं. पाय गेल्याचं मी सांगायचं ठरवून, शब्द जुळवून ठेवले होते. त्याने ते बोलूच दिले नाहीत. घोगऱ्या आवाजात म्हणाला, “गुडघा ठेवला असता तर बरं झालं असतं.” जणू एखादं गणित थोडक्यात चुकलं होतं.

घरी आल्यावर लोक भेटायला येऊ लागले. त्याच्या कॉलेजचे, आमचे नातलग, गल्लीतले. सफरचंदं घेऊन यायचे, पायाकडे बघायचं टाळायचे. मग जाताना मला दाराशी गाठून हळूच विचारायचे, “लिव्हरचं म्हणे? कधीपासून घेत होते?” हिपॅटायटिस म्हटलं की त्यांचे डोळे आणखी बारीक व्हायचे, कारण त्या नावाबरोबर लोकांच्या मनात सुया, बाहेरच्या बायका, अशी आणखीच घाण येते. मी सुरुवातीला प्रत्येकाला जन्माच्या वेळचं, आईकडून येण्याचं समजावायची. पुढे लक्षात आलं की मी सासूबाईंना दोषी ठरवतेय असं ऐकलं जातंय. एकाच वाक्यातून एक म्हातारी बाई आणि एक सरळमार्गी माणूस, दोघेही बदनाम होत होते. मग मी फक्त “सरी, बरं, या पुन्हा” म्हणून दार लावून घ्यायला शिकले.

काही महिन्यांनी घरच्या पूजेला आम्ही गावी गेलो. मोहन कुबड्यांवर होता. अंगणात चुलते, शेजारी, पाहुणे जमले होते. मी आत सुलभाबरोबर नारळ खवत होते. खिडकीतून एका चुलत्यांचा आवाज आला, त्यांना कमी ऐकू येत असल्याने ते मोठ्याने बोलतात.

“काय रे गिरीश, कालवांनी पाय गेला म्हणतात तुझ्या भावाचा?”

गिरीश म्हणाला, “छे हो, काका. कालवांनी कोणाचा पाय जातो? लिव्हर गेलेलं त्याचं. बेंगळूरची नोकरी. तिथे काय काय चालतं, तुम्हाला काय सांगायचं.”

चुलते हळहळले. कोणीतरी म्हणालं, “दिसत नव्हता तसा.” आणि विषय मिटला.

मी विळी बाजूला ठेवली. मोहन त्याच अंगणात, दहा पावलांवर, खुर्चीत बसलेला होता. त्याने ऐकलं होतं. मी बाहेर जायला उठले तर त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. सुलभा खाली बघून खवतच राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी पडत होतं.

परतताना गाडीत मी त्याला विचारलं, “गप्प का बसलास?”

“आई समोर होती,” तो म्हणाला. “मी खरं बोललो असतो तर तिला कळलं असतं की हे तिच्याकडून आलंय. दारूचा ठपका निदान माझ्याच माथ्यावर राहतो.”

माझा राग तेव्हा त्याच्यावरसुद्धा होता. अजून आहे थोडा. सासूबाई त्यानंतर फार दिवस राहिल्या नाहीत, वयाने गेल्या. त्यांना कधीच काही कळलं नाही, असं मोहन मानतो.

सुलभाचा फोन आला तो त्यानंतर. गिरीशचे पाय सुजतात, अन्न नको वाटतं, डोळे पिवळट वाटतात. “वहिनी, ते तुम्हाला सांगणार नाहीत. कुठे दाखवायचं सांगा.” मी आमच्या बेंगळूरच्या हॉस्पिटलातल्या त्याच मंगळूरकडच्या डॉक्टरचं नाव दिलं. तपासणीत तेच निघालं, हिपॅटायटिस बी, आणि लिव्हर निबर व्हायला लागलेलं. पण वेळेत सापडलं. रोज एक गोळी आणि ठरावीक काळाने तपासणी. सुलभाची तपासणी साफ आली, तिला लस टोचली.

तपासणीला गिरीश आमच्याकडे उतरू लागला. मी त्याला जेवायला वाढलं, अंथरूण घातलं. त्याने एकदाही अंगणातल्या त्या बोलण्याचा विषय काढला नाही, आणि मोहननेही नाही. गावी त्याने पचनाचा त्रास सांगितला होता. त्याच्याबद्दल कोणी दारूचं बोललं नाही.

आता तुमच्यासाठी, जे किनाऱ्यावर राहता किंवा सुट्टीला जाता. कालवं, तिसऱ्या, शिनाणे, काहीही असो, शिंपला उघडला म्हणजे शिजलं असं नाही. उघडल्यावरही आणखी काही मिनिटं रटरट शिजू द्या. लिंबाने, मिरचीने, दारूने हा जंतू मरत नाही. पाणी स्वच्छ दिसतं म्हणून तो नसतो असंही नाही, आणि उन्हाळ्यात तो जास्त असतो. पायाला जखम असेल तर खाडीत उतरू नका. आणि हिपॅटायटिस बीची एक साधी रक्ततपासणी करून घ्या, विशेषतः घरात कोणाचं लिव्हर बिघडलं असेल तर. त्याला कोणी दारुडा म्हणत असेल, तर अधिकच.

त्या डॉक्टरची मी ऋणी आहे. तिने बसून विचारलं, आणि ऐकून घेतलं. त्या सगळ्या काळात माझ्या शब्दावर विश्वास ठेवणारी ती एकटीच होती.

गेल्या तपासणीच्या वेळची गोष्ट. रिपोर्ट चांगले आले होते. सकाळी गिरीशने आमच्या हॉलमध्ये आपली गोळी घेतली, आणि त्याचा फोन वाजला. पाहुण्यांचं बुकिंग होतं. तो हसून बोलत होता. “कालवं? मिळणार ना, साहेब. खडकावरून काढून थेट जाळावर. वडील पण येतायत? आणा, आणा. लिंबू पिळून देऊ त्यांना, विसरणार नाहीत.”

मोहन समोरच कृत्रिम पायाचे पट्टे आवळत होता. फोन संपल्यावर त्याने विचारलं, “त्यांच्या वडिलांना लिव्हरचं काही आहे का, विचारलंस?”

“गिऱ्हाइकाला असं कोण विचारतं, दादा?”

“मग पुरती शिजवून दे.”

“शिजवली तर कोण खाणार? रबर होतात.”

“तू खातोस अजून?”

गिरीश फोनशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, “डॉक्टरने नको सांगितलंय ना मला.”

मोहनने शेवटचा पट्टा आवळला. त्याचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नाही, तेव्हाही चढला नाही. “गोळी चुकवू नकोस,” तो म्हणाला. “तपासणीला वेळेवर येत जा. पण उतरायला आता दुसरीकडे बघ.”

गिरीशला आधी ती थट्टा वाटली. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. “वहिनी, तुम्ही तरी सांगा याला.”

मी आत गेले, त्याची बॅग भरली आणि दाराशी आणून ठेवली.